साडेतेरा हजार किलोमीटर आणि एक तास वीस मिनिटे

प्रश्न : मी ६६ वर्षांची, सांगलीत राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. आयुष्यभर मुलांना काळ, काम, वेग शिकवले, पण सध्या समोर असलेले गणित काही सुटत नाही. मुलगी कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे असते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिचे बाळंतपण आहे, म्हणून २४ सप्टेंबरला मी एकटीच निघणार आहे. विमानप्रवास पहिलाच. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर साडेतेरा हजार किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी नऊशे, म्हणजे पंधरा तास व्हायला हवेत. एजंटाने दोन तिकिटे दाखवली. दुबईमार्गे जाणारे विमान पहाटे ४.१५ ला सुटते आणि त्याच दिवशी दुपारी १.४० ला पोहोचते. तिथे थांबा २ तास ५० मिनिटांचा आहे. फ्रँकफर्टमार्गे जाणारे रात्री १.१५ ला सुटते, त्याच दिवशी सकाळी १०.५० ला पोहोचते. थांबा १ तास २० मिनिटांचा, आणि तिकीट नऊ हजारांनी स्वस्त. या वेळा पाहिल्या तर साडेनऊ तासांतच पोहोचायला हवे, पण एजंट बावीस तास म्हणतो. जावई म्हणतात, थेट विमान घ्या, सोळा तासांत याल, नाहीतर दिल्लीवरून या. खरा प्रवास किती तासांचा? माझे गुडघे दुखतात आणि रक्तदाबाची गोळी रोज सकाळी सातला घ्यावी लागते. कोणते तिकीट घ्यावे?

उत्तर :

बाई, सप्रेम नमस्कार. आपण दिलेल्या आकड्यांपैकी चुकीचा एकही नाही. अडचण एवढीच आहे की हे आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. पंधरा तास हे नुसत्या अंतराचे उत्तर आहे, सोळा तास हे न थांबता जाणाऱ्या विमानाचे, बावीस तास हे मुंबईच्या दारापासून सॅन फ्रान्सिस्कोच्या दारापर्यंतचे, आणि साडेनऊ तास हे दोन वेगवेगळ्या घड्याळांची वजाबाकी केल्यावर येणारे उत्तर आहे. सांगलीच्या आपल्या घरापासून लेकीच्या घरापर्यंतचा आकडा मात्र आपल्याला कोणीच सांगितलेला नाही, आणि तयारी करायची आहे ती त्याच आकड्याची.

आधी अंतर पाहू. शाळेतला पृथ्वीगोल आठवा. एक दोरा घेऊन त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरून तो ताणला, तर तो भिंतीवरच्या नकाशात दिसतो तसा प्रशांत महासागरावरून आडवा जात नाही. तो मुंबईहून जवळजवळ उत्तरेला निघतो आणि काश्मीर, मध्य आशिया, सायबेरिया असा चढत आर्क्टिक महासागरावर सुमारे ७७ अंश उत्तर अक्षवृत्तापर्यंत पोहोचतो. तेथून अलास्काच्या बाजूने तो खाली कॅलिफोर्नियात उतरतो. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला बृहद्वृत्त, म्हणजे गोलावर काढता येणारे सर्वांत मोठे वर्तुळ म्हणतात, त्याचाच हा एक तुकडा होय, आणि त्याची लांबी सुमारे १३,५०० किलोमीटर भरते. पृथ्वीवरील कोणत्याही दोन ठिकाणांमधले अंतर वीस हजार किलोमीटरांपेक्षा फारसे जास्त असूच शकत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे लेक किती लांब गेली आहे याचा अंदाज येतो. एक गंमत अशी की दिल्ली या दोऱ्याच्या अगदी लगत आहे. मुंबई ते दिल्ली सुमारे १,१४० आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८० किलोमीटर, म्हणजे दिल्लीवरून गेल्याने वाट जेमतेम दहा-वीस किलोमीटरांनी वाढते. जावयांचा सल्ला अंतराच्या दृष्टीने बिनचूक आहे.

मात्र विमान दोऱ्यावरून चालत नाही. कोणत्या देशाच्या आकाशातून जाण्याची परवानगी आहे आणि वारा कोणत्या दिशेचा आहे, या दोन गोष्टींवर त्याची वाट ठरते. २०२२ पासून युरोपातील आणि अमेरिकेतील कंपन्यांना रशियाचे आकाश बंद आहे, तर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केल्यावर आपल्याकडून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी वाटेत युरोपात उतरावे लागले. म्हणजे त्याच दोन शहरांमधले अंतर एका कंपनीसाठी वेगळे आणि दुसरीसाठी वेगळे. वाऱ्याचे उदाहरण तर आपल्यासारख्या गणिताच्या शिक्षिकेला विशेष आवडेल. एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये अटलांटिकच्या बाजूने सुरू केली होती आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ती प्रशांत महासागरावरून नेली. नवी वाट १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा सुमारे १,४०० किलोमीटरांनी लांब होती, तरीही विमान दोनेक तास लवकर पोहोचू लागले. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. पूर्वेकडे निघालेल्या विमानाला ते पाठीमागून ढकलतात, पश्चिमेकडे निघालेल्याला समोरून अडवतात. वेग तोच ठेवून अंतर वाढवले तर काळ वाढतो, असे आपण फळ्यावर शिकवले ते खरेच आहे. पण नावेच्या उदाहरणात प्रवाहाचा वेगही मिळवायचा किंवा वजा करायचा असतो, हेही आपणच शिकवले असणार.

आता आपली दोन तिकिटे पाहू. दुबईमार्गे अंतर सुमारे १५,००० किलोमीटर होते आणि फ्रँकफर्टमार्गे सुमारे १५,७००. एकूण वेळ काढण्यासाठी दोन्ही टोकांच्या वेळा एकाच घड्याळात आणाव्यात. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे असते, म्हणून पोहोचण्याच्या तिथल्या वेळेत साडेबारा तास मिळवावेत आणि त्यातून सुटण्याची वेळ वजा करावी. दुपारी १.४० म्हणजे १३.४०. त्यात १२.३० मिळवले की २६.१० होतात आणि त्यातून ४.१५ वजा केले की उरतात २१ तास ५५ मिनिटे. दुसऱ्या तिकिटाचे १०.५० अधिक १२.३० वजा १.१५, म्हणजे २२ तास ५ मिनिटे. फरक दहा मिनिटांचा. सातशे किलोमीटर जास्त जाऊनही वेळ सारखाच लागतो, याचे कारण फ्रँकफर्टला थांबा कमी ठेवला आहे. एजंटाने हे दहा मिनिटांचे अंतर दाखवून आपल्याला स्वस्त तिकीट सुचवले असेल, तर त्यात लबाडी नाही. फक्त ज्या ८० मिनिटांवर ते सारे गणित उभे आहे त्यांच्याकडे त्याने आपले लक्ष वेधलेले दिसत नाही.

त्या ८० मिनिटांत काय काय करायचे असते? मुंबईचे विमान वेळेवर उतरले तरी मागच्या रांगेतल्या प्रवाशाला बाहेर पडायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. मग मोठ्या विमानतळावर पाट्या वाचत चालणे, कधी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत गाडीने जाणे, हातातल्या सामानाची पुन्हा तपासणी आणि अमेरिकेला जाणाऱ्या विमानासाठी कागदपत्रांची वेगळी विचारपूस. विमानाचे दार सुटण्याच्या वेळेला नव्हे, त्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधीच बंद होते. माझी बरीच वर्षे तिकिटांच्याच धंद्यात गेली आहेत आणि तरीही एकदा स्वतःसाठी मी ७० मिनिटांचा थांबा घेण्याचे धाडस केले. विमान ४० मिनिटे उशिरा उतरले. मी दारापाशी धापा टाकत पोहोचलो तेव्हा विमान काचेपलीकडे समोर उभे होते, त्याला लावलेला बोगदा मात्र मागे सरकू लागला होता. काउंटरवरच्या बाईंनी नम्रपणे मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे तिकीट हातात ठेवले. मी तेव्हा पंचेचाळिशीत होतो आणि माझे गुडघे शाबूत होते. एकट्या, पहिल्यांदा निघालेल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या प्रवाशाने हा जुगार नऊ हजार रुपयांसाठी खेळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही मी आपल्याला फ्रँकफर्टचीच वाट सुचवणार आहे, आणि त्याचे कारण तास कसे विभागले जातात हे आहे. दुबईमार्गे पहिला टप्पा सव्वातीन तासांचा आणि दुसरा जवळजवळ सोळा तासांचा. फ्रँकफर्टमार्गे पहिला सव्वानऊ आणि दुसरा साडेअकरा तासांचा. बेरीज दीड-पावणेदोन तासांनी जास्त भरते, पण सलग सोळा तास एका खुर्चीत काढणे आणि मधोमध उतरून दोन-तीन तास हातपाय मोकळे करणे यांत सहासष्टाव्या वर्षी फार फरक पडतो. विमानातील हवेचा दाब समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांच्या आसपासच्या उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. आपले कळसूबाईचे शिखरही १,६४६ मीटरच आहे. हवा अतिशय कोरडी असते, पाय सुजतात, आणि चार तासांहून जास्त बसून राहिल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तेव्हा खिडकीचा मोह टाळून वाटेकडेची जागा मागावी, दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चालून यावे, बसल्या बसल्या घोटे फिरवावेत आणि शौचालयात जावे लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नये. बहुतेक आया नेमके पाणीच कमी पितात. पायांत घालायचे घट्ट मोजे आपल्याला चालतील का, हे मात्र डॉक्टरांना विचारावे.

म्हणून एजंटाला सांगा की फ्रँकफर्टहून त्याच दिवशी उशिरा सुटणारे विमान द्या आणि मधला थांबा किमान तीन, शक्य तर साडेतीन तासांचा ठेवा. प्रवास त्यामुळे दोन तासांनी लांबेल, तो खुशाल लांबू द्यावा. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर, एकाच आरक्षण क्रमांकाखाली असली पाहिजेत, हे पैसे देण्यापूर्वी पाहून घ्यावे. तसे असेल तर सामान मुंबईत दिले की सॅन फ्रान्सिस्कोलाच मिळते, आणि पहिले विमान उशिरा गेल्याने पुढचे चुकलेच तर दुसऱ्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची राहते. स्वस्तात पडतात म्हणून दोन स्वतंत्र तिकिटे जोडून घेतली तर ही जबाबदारी कोणाचीच नसते. असा थांबा मिळत नसेल, तर मात्र दुबईचे तिकीट घ्यावे आणि सोळा तासांची वर सांगितली तशी तयारी ठेवावी. फ्रँकफर्टला नुसते विमान बदलण्यासाठी वेगळा व्हिसा लागतो का, याचा नियम त्या देशाच्या अधिकृत माहितीवरूनच तपासावा. अमेरिकेचा व्हिसा असणाऱ्यांना अशा बाबतीत बऱ्याच ठिकाणी सूट असते, पण एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. व्हीलचेअर मात्र दोन दिवस आधी नक्की मागावी. तिचे पैसे पडत नाहीत आणि त्यात कमीपणाही नाही. गुडघ्यांपेक्षाही, परक्या विमानतळावर योग्य दारापर्यंत कोणीतरी नेऊन सोडते, हा तिचा मोठा उपयोग आहे.

थेट विमान मिळाले तर ते सर्वांत कमी वेळाचे, यात वाद नाही. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली होती, पण इतक्या लांबच्या सेवा इंधन, आकाशबंदी आणि विमानांची उपलब्धता पाहून कमी-जास्त किंवा बंद होत असतात. त्यामुळे आपल्या तारखेला ती आहे का, हे जावयांच्या आठवणीवरून नव्हे, वेळापत्रकावरून ठरवावे. दिल्लीमार्गेही शेवटचा टप्पा पंधरा-सोळा तासांचाच राहतो, म्हणजे गुडघ्यांच्या दृष्टीने दुबईचीच गत.

आता तारखेविषयी, कारण माझ्या अनुभवात सर्वांत महागडी चूक इथेच होते. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, आणि बोलतानाही आपण रात्री दीड वाजता झालेल्या गोष्टीला 'काल रात्री' असेच म्हणतो. विमान कंपनीचा दिवस मात्र मध्यरात्री बदलतो. २४ सप्टेंबर, रात्री १.१५ असे तिकिटावर असेल, तर आपल्याला २३ तारखेला संध्याकाळी विमानतळावर हजर राहायचे आहे. २४ च्या रात्री जेवून-बिवून सामान घेऊन दारात पोहोचलेल्या आणि विमान कालच गेल्याचे ऐकून मटकन खाली बसलेल्या प्रवाशांची समजूत मी घातलेली आहे. कॅलेंडरवर २३ च्याच चौकोनात लाल शाईने लिहून ठेवा. शिवाय तिकिटावर विमानतळ कोणता आहे तेही पाहा, कारण डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. सांगलीहून येणाऱ्याला तो आधी लागत असला तरी आपले विमान जिथून सुटते तिथेच जावे लागणार.

म्हणजे घरापासून घरापर्यंतचा हिशेब असा होतो. सांगली ते मुंबई सुमारे पावणेचारशे किलोमीटर, वाटेतल्या चहापाण्यासह आठ तास. रात्री सव्वानऊला विमानतळावर असायचे आणि घाटात वाहने अडकण्याची शक्यता हाताशी ठेवायची, तर २३ ला दुपारी बारा वाजता घर सोडावे. १.१५ ला विमान सुटेल. फ्रँकफर्टला साडेतीन तास थांबून सॅन फ्रान्सिस्कोला तिथल्या दुपारी एकच्या सुमारास पोहोचाल, तेव्हा आपल्याकडे २५ ची पहाट, दीड वाजलेला असेल. इमिग्रेशनची रांग आणि सामान यांना दीड तास धरा, आणि सॅन होजेपर्यंतच्या सुमारे पन्नास किलोमीटरांना एक तास. लेकीच्या घराची पायरी चढाल तेव्हा सांगलीच्या घड्याळात पहाटेचे चार वाजलेले असतील, म्हणजे निघाल्यापासून चाळीस तास झालेले असतील. पावणेचारशे किलोमीटरांना आठ तास आणि पंधरा हजारांहून अधिक किलोमीटरांना एकवीस, असा हा विषम हिशेब आहे. दोन रात्री पाठ नीट टेकणार नाही हे गृहीत धरून, जमल्यास आदल्या दिवशीच मुंबईत नातेवाइकांकडे मुक्कामाला यावे, हे बरे.

गोळीचे गणित सोपे आहे. मनगटावरचे घड्याळ भारतीय वेळेवरच राहू द्या. २४ ला सकाळी ७ वाजता आपण पहिल्या विमानात असाल, तिथेच नेहमीप्रमाणे गोळी घ्या. त्यानंतरचे भारतातले सकाळचे ७ म्हणजे सॅन होजेतील २४ तारखेचेच संध्याकाळचे साडेसहा. तेव्हापासून गोळी संध्याकाळीच घेत राहायची की हळूहळू सकाळवर आणायची, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. गोळ्या, त्यांची चिठ्ठी आणि लेकीचा पत्ता-फोन हे सर्व हातातल्या पिशवीत असावे, मोठ्या बॅगेत नव्हे.

परतीचे तिकीट २५ फेब्रुवारीचे आहे असे धरून एक उदाहरण सोडवून ठेवतो, म्हणजे मुंबईला घ्यायला येणाऱ्या भाच्याला किंवा आणखी कोणाला आतापासूनच सांगता येईल. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे घेतात, त्यामुळे तेव्हा फरक साडेतेरा तासांचा असेल. २५ ला दुपारी २.४० ला सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले विमान आणि फ्रँकफर्टला तीन तासांचा थांबा धरला, तर मुंबईत २७ तारखेला रात्री २.१५ वाजता उतराल. सुटण्याची आणि पोहोचण्याची तारीख तेवढी पाहिली तर मधली २६ तारीख जणू गायबच झालेली दिसेल आणि प्रवास छत्तीस तासांचा वाटेल. साडेतेरा तास वजा केले की उरतात २२ तास ५ मिनिटे. जाताना एवढाच वेळ फक्त ८० मिनिटांच्या थांब्यात लागत होता, येताना तीन तास थांबूनही तेवढाच लागतो. ही पावणेदोन तासांची बचत पाठीमागून ढकलणाऱ्या वाऱ्याची. भाच्याला गाडी घेऊन २६ च्या रात्री यायला सांगा.